सासूबाईंच्या सान्निध्यात

माझ्या हृदयाबद्दलची एक गोष्ट माझ्या नवऱ्याला, सासूला आणि नणंदेला ठाऊक होती. मला ती सगळ्यांत शेवटी कळली. हृदय माझं, मनगटावरची पट्टी माझी, पोटातलं बाळ माझं, आणि बातमी मात्र मला सोडून घरभर. मी शाळेत भूमिती शिकवते. आकृती बरोबर आणि निष्कर्ष भलताच असला तर पोरांचे गुण कापते. इथे कोणाचे कापायचे ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून जे झालं ते फक्त क्रमाने सांगते.

याआधी दोनदा मला दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. तिसऱ्या खेपेला चौथा महिना लागला, तेव्हा कराडमधल्या आमच्या डॉक्टर शबाना मुजावर यांनी माझ्या मनगटावर ‘मातृलय’ नावाची पट्टी बांधली. तोवर ती गावोगाव पोचली होती आणि ज्या गरोदर बाईच्या हातात ती नाही तिच्याकडे लोक जरा काळजीनेच बघायचे. हे बाळ राहावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी कोणी गळ्यात घंटा बांधली असती तरी मी बांधून घेतली असती.

पट्टीचं काम ऐकायला साधं होतं. एक बारीक प्रकाश कातडीत शिरायचा. प्रत्येक ठोक्यासरशी रक्त कमीजास्त झालं की परत येणारा प्रकाशही कमीजास्त व्हायचा, आणि त्यावरून ठोके कळायचे. एवढं तर आमच्या लहानपणीच्या घड्याळांनाही जमत होतं. खरी गोष्ट पुढची होती. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि ते फिरवायला हृदय महिन्यागणिक अधिक वेगाने चालतं. पण दिवसभर एकाच वेगाने नाही. सकाळी ते चढतं, दिवसा कधीतरी टोकाला जातं, रात्री झोपेत उतरतं. शिवाय दोन ठोक्यांमधलं अंतर कधी सारखं नसतं; माणूस निवांत असला की ते हलतं राहतं, ताण आला की आवळून एकसारखं होतं. अशी रोजची एक लाट असते, आणि प्रत्येक बाईची लाट निराळी. पट्टी सुरुवातीचे काही दिवस नुसती शिकायची, की ही बाई कशी चढते आणि कशी उतरते. मग त्यात फरक पडला की बोलायची.

कंपनी तेवढ्यावर थांबली असती तर मला आज हे लिहावं लागलं नसतं. घरातल्या माणसांचे फोन पट्टीला ओळखू यायचे. कोण जवळ असताना लाट कशी जाते हे यंत्र बघत राहायचं आणि महिन्याकाठी घरच्यांना सल्ला द्यायचं. घरच्यांना, बाईला नाही. बायका आपला आलेख सारखा बघत बसल्या की बघण्यानेच तो बिघडतो, असं कंपनीला आढळलं होतं. म्हणून माझ्या फोनवर फक्त एक ठिपका दिसायचा, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. ठिपका हिरवा असेल तर दवाखान्याची महिन्याची फेरीही माफ होती. यात सगळ्यांचीच सोय होती आणि संमतीची सही मीच केली होती.

माझ्या सासूबाई, वैजयंताबाई, एसटीत कंडक्टर होत्या. नोकरी संपली तरी आवाज संपला नव्हता. स्वयंपाकघरातून ‘चहा झाला’ म्हणाल्या की समोरच्या घरातला माणूस उठून बसायचा. मला शिंक आली तरी त्या पदर खोचून मला डॉ. मुजावरांकडे घेऊन जायच्या, आणि डॉक्टर हसून परत पाठवायच्या. माझी आई मी तिसरीत असताना गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझ्या माहेरी वडील आणि त्यांचा दमा एवढंच होतं. आईंनी, मी सासूबाईंना आईच म्हणते, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की माहेर इथेच आहे आणि या विषयावर परत बोलायचं नाही.

मला पडून राहायला सांगितलं होतं. माझा नवरा हर्षद पाटणच्या पठारावरच्या पवनचक्क्या सांभाळतो. तो सकाळी जायचा आणि दिवेलागणीला यायचा. जेवणं उरकली की आई तेलाची वाटी घेऊन माझ्या पायाशी बसायच्या आणि पाय चोळता चोळता एसटीतल्या गोष्टी सांगायच्या. ढेबेवाडीच्या गाडीत एका माणसाने जागा धरायला फणसाला शाल गुंडाळून खिडकीशी बसवलं आणि स्वतः पान खायला उतरला. मागून चढलेला एक सज्जन कितीतरी वेळ त्या फणसाला ‘आजी, जरा आत सरकता का’ म्हणून विनवत राहिला, आणि शेवटी आईंकडे तक्रार घेऊन आला की म्हातारी फार गर्विष्ठ आहे. ही गोष्ट ऐकताना मी इतकी हसले की उशीत तोंड खुपसावं लागलं. हळू हस, लेकरू दचकून बाहेर यायचं, असं म्हणत आई माझ्यापेक्षा मोठ्याने हसत होत्या.

पाचव्या महिन्यात, अशाच एका दुपारी, बाळ पहिल्यांदा हललं. मी आईंचा तेलकट हात ओढला आणि पोटावर ठेवला. जन्मभर बडबड केलेल्या त्या बाईने दुसराही हात शेजारी ठेवला. बाळ पुन्हा हललं. मग आम्ही दोघी रडलो आणि रडून झाल्यावर गूळशेंगदाणे खाल्ले. आयुष्यात मी इतकी सुखी कधीच नव्हते.

सहावा महिना संपत आला आणि एक दिवस आई विट्याला निघाल्या. पल्लवीताईचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, गुडघा धरलाय, तिला मदतीला कोणी नाही, आठवड्याभरात येते, असं म्हणाल्या. बॅग भरताना माझ्याकडे बघत नव्हत्या. मी दाराशी पाया पडायला गेले तर दोन पावलं मागे सरल्या आणि तिथनंच कर म्हणाल्या. आठवडा गेला, दुसराही गेला. फोन केला तर त्या दोन वाक्यांत आटपायच्या. जेवलीस का, झोपलीस का, ठेवते.

मला वाटलं, कंटाळल्या. किती झालं तरी मी काही त्यांच्या पोटची नव्हते. लेकीचा गुडघा सुनेच्या पोटापेक्षा जवळचा असणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि मनातून रुसून बसले. दुपार फार मोठी वाटायची. मी छताकडे बघत पडून राहायचे आणि बाळाला सांगायचे की तुझी आजी येईल. हर्षदला विचारलं तर तो येईल गं म्हणायचा आणि विषय बदलायचा.

एक गोष्ट मात्र सुधारली. आई असताना माझा ठिपका मधूनमधून पिवळा व्हायचा, एकदोनदा लालही झाला होता. त्या गेल्यापासून तो हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण केलं. आई आल्या नाहीत. पल्लवीताईच्या हाती हिरवी साडी पाठवली. जिचा गुडघा धरला होता ती पल्लवीताई आमचे दोन जिने टकाटक चढून आली, आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. बांगड्या भरायला कासारीण आली. माझ्या नेहमीच्या मापाची बांगडी अंगठ्याच्या पुढे सरकेना. तिने साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं आणि शेवटी दोन मापं मोठ्या बांगड्या काढल्या. जमलेल्या बायकांना कौतुकच वाटलं. गरोदरपण मानवलंय हो पोरीला, अंग कसं भरलंय, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. मलाही बरं वाटलं, कारण आधीच्या दोन्ही खेपांना अंग भरण्याइतके दिवसच मिळाले नव्हते. हर्षदने माझा भरल्या हातांचा फोटो काढला, खाली हिरवा ठिपका जोडला आणि विट्याला पाठवून दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी डोकं असं दुखायला लागलं की भिंतीवरचं घड्याळ मला दोन दिसायला लागलं. बाळ हलत नव्हतं. ठिपका हिरवा होता म्हणून हर्षद निश्चिंत मनाने कामावर निघाला होता. मी त्याला पाटणच्या रस्त्यावरून मागे बोलावलं. दवाखान्यात नर्सने माझा रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला आणि ती डॉक्टरांना बोलवायला पळाली. तासाभरात माझं पोट कापून बाळ बाहेर काढलं. मुलगी होती. दोन तळहातांत मावेल एवढी. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आई पहिल्याच दिवशी विट्याहून आल्या होत्या. नातीच्या काचेपाशी त्या उभ्याच्या उभ्या असतात, असं मला नर्सेस सांगायच्या. माझ्या खोलीत त्या आल्या नाहीत. खोलीपासून जितकं लांब बसता येईल तितक्या लांब, जिन्याजवळच्या बाकावर बसून राहिल्या. मुलगी गेली त्या दिवशी मी हर्षदला म्हटलं, आईंना बोलाव, मला त्या हव्या आहेत. तो गेला आणि एकटाच परत आला. मी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी मला दोन दुःखं होती, आणि दुसऱ्याचं कारण मला कळत नव्हतं.

ते घरी आल्यावर कळलं. आई दवाखान्यातूनच परत विट्याला गेल्या होत्या. खूप दिवस हर्षद माझ्या नजरेला नजर देत नव्हता. शेवटी एका रविवारी सकाळी, मी आईंबद्दल काहीतरी कडू बोलले तेव्हा, त्याने फोन काढून माझ्यासमोर ठेवला. सहाव्या महिन्याचा सल्ला होता. सरकारी पत्राला शोभेल अशा मराठीत लिहिलं होतं: ‘श्रीमती वैजयंता यांच्या सान्निध्यात मातेच्या हृदयावरील ताणात लक्षणीय वाढ आढळते. सदर सान्निध्य मर्यादित ठेवल्यास गर्भावस्थेस लाभ संभवतो.’

हा सल्ला हर्षदला, आईंना आणि पल्लवीताईला एकदमच आला होता. हर्षदचा त्यावर विश्वास बसला, कारण तो पवनचक्कीवर चढण्याआधी सेन्सर बघणारा माणूस. यंत्राला कोणाची भीड नसते, असं तो नेहमी म्हणतो. तरीही तो आईंना म्हणाला होता की ऋतुजाला, म्हणजे मला, एकदा विचारू. आईंनीच नको म्हटलं. त्या काय म्हणाल्या ते त्याने मला शब्दाला शब्द सांगितलं.

“तोंडावर हसतीया रं पोरगी. आत काय हाय, आपल्याला कुठं दिसतंय? माझी सासू घरात आली की मी बी हसायची, आन् छाती अशी धडधडायची की भाकरी हातातनं पडंल. तिला विचारलंस तर ती न्हाईच म्हणंल. मी बी न्हाईच म्हणले असते. दोन लेकरं गेल्यात तिची. हे माझ्यापायी जायला नको.”

मग त्यांनी हर्षदकडून वचन घेतलं की मला सांगायचं नाही, कारण कळलं तर मला अपराधी वाटेल आणि काळीज आणखी धावेल. फोनवर दोन वाक्यांत आटपणं त्याचसाठी होतं. दवाखान्यातला तो जिन्याजवळचा बाकही त्याचसाठी. हातावरची पट्टी काढली होती, बाळ गेलं होतं, तरी माझ्या ओल्या टाक्यांना त्यांच्या येण्याने त्रास होईल, म्हणून त्या लांब बसल्या होत्या.

मला हर्षदचा इतका राग आला की मी उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि कडी लावली. आणि त्या बंद खोलीत, सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. आई मला कंटाळल्या नव्हत्या. एका आकृतीवरून एवढा मोठा चुकीचा निष्कर्ष निघाला होता, आणि चुकीचा निष्कर्ष दुरुस्त करणं हे तर माझं रोजचं काम.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. मुजावरांकडे गेले. त्यांनी कंपनीशी भांडून माझा मूळ आलेख मिळवला होता, रंग न भरलेला. तो पडद्यावर लावून त्यांनी एका उंच टोकावर बोट ठेवलं आणि या दुपारी काय झालं होतं असं विचारलं. मी दिवस आठवला. ती फणसाची गोष्ट होती. मग त्यांनी सगळ्यांत उंच टोक दाखवलं, ज्या दिवशी ठिपका लाल झाला होता. त्या दिवशी बाळ पहिल्यांदा हललं होतं आणि आईंचा हात माझ्या पोटावर होता.

डॉक्टर शांतपणे समजावत गेल्या. हसताना हृदय धावतं आणि ठोक्यांमधलं अंतर आवळतं. घाबरल्यावरही तेच होतं. मनगटावरून दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राला शिकवताना प्रत्येक चढाला ताण म्हणायला शिकवलं गेलं होतं. पण माझी लाट दिवसा जितकी उंच चढत होती तितकीच रात्री खोल उतरत होती, म्हणजे मला गाढ झोप लागत होती. लाट उंच असणं हेच तिचं निरोगीपण होतं.

आई गेल्या त्या आठवड्यापासून लाट बसत गेलेली मलाही दिसत होती. दिवसाचा चढ गेला, आणि हळूहळू रात्रीचा उतारही गेला. चढ गेल्यामुळे सरासरी खाली आली, म्हणून ठिपका हिरवा. रात्री हृदय उतरेनासं होणं ही कधीकधी रक्तदाबाच्या आजाराची पहिली चाहूल असते, आणि एरवी यंत्राने ती पकडलीही असती. पण सासूबाई घराबाहेर गेल्याची नोंद यंत्राकडे होती. आपला सल्ला मानला गेला, आता लाट सपाट होणारच, असं धरून त्याने तो फरक सोडून दिला. मी विचारलं, लाट दुःखाने बसली की आजाराने? डॉक्टर म्हणाल्या की दोन्ही असेल, आणि ते आता वेगळं काढता येणार नाही.

मग मी विचारू नये ते विचारलं. आई घरात असत्या तर?

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ऋतुजा, रोज तुमचे पाय चोळणारं माणूस होतं ते. सूज पहिल्याच दिवशी हाताला लागली असती. त्या तुम्हाला शिंकेसाठीही इथे आणायच्या. दोन आठवडे आधी कळलं असतं तर औषधं होती, वेळ होता. वाचलीच असती असं नाही म्हणणार. पण बहुतेक वाचली असती.”

या उत्तरातला मला हवा तेवढाच भाग घेऊन मी घरी आले. ज्या दुपारी यंत्राला लाल दिसल्या त्या माझ्या सगळ्यांत सुखाच्या दुपारी होत्या, हे आईंना सांगायचं, आणि हात धरून घरी आणायचं. मुलगी परत येणार नव्हती. आई येऊ शकत होत्या. हर्षदही सांगून टाक म्हणाला, आईला असं समजून जगू देणं बरं नाही. मी एकटी जाते म्हटलं आणि विट्याची एसटी पकडली. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच मला कुठेतरी पोचायची घाई झाली होती.

पल्लवीताईच्या घराच्या पडवीत आई मेथी निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या, भाजीची पाटी उचलली आणि पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. माझ्यासाठी खुर्ची अलीकडच्या टोकाला मांडायला लावली. किती वाळल्या होत्या त्या. पल्लवीताईला पाणी आण म्हणाल्या तेव्हा आवाज बाजूच्या खोलीपर्यंतही गेला नसता. पल्लवीताईने पाणी दिलं आणि आत निघून गेली.

मी म्हटलं, “आई, मला हर्षदने सगळं सांगितलंय.”

त्यांनी मान खाली घातली. मी पुढचं वाक्य सुरू करणार तोच त्या बोलायला लागल्या, मेथीकडे बघत.

“बरं झालं, सांगितलं त्येनं. आता तुला चोरून न्हाई काही. मला तुझा राग न्हाई हां, ऋतू. काळीज काय आपल्या हातात असतंय व्हय? माझं तरी कुठं होतं.” त्यांनी एक काडी बाजूला टाकली. “एकच गोष्ट हाय, तिच्यावर मी घास गिळते. मी वेळंवर उठले. फोनवर त्ये आलं, आन् मी लगीच उठले. तिथंच बसून ऱ्हायले असते, आन् मग पोर गेली असती, तर मी तुला आज हिथं जित्ती दिसले नसते.”

माझं वाक्य तोंडात तयार होतं. आई, तुम्ही होतात म्हणून मी सुखात होते. अगदी खरं वाक्य होतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं येणार होतं, मी न बोलताही येणार होतं. जन्मभर गाडीतल्या माणसांच्या तोंडांवरून त्यांची गावं ओळखलेली ती बाई. तिला पुढचं कळायला वेळ लागला नसता. सून माझ्यामुळे सुखात होती, तर मी गेले कशाला? मी गेले नसते, तर तिचे पाय कोणी चोळले असते? बांगड्या मोठ्या घालाव्या लागल्या तेव्हा कोण ओरडलं असतं? डॉक्टरांच्या उत्तरातला उरलेला भाग, जो मी घरी ठेवून आले होते, तो त्यांनी पडवीत बसल्या जागी स्वतःच शोधून काढला असता. आणि त्यानंतर त्या घास कशावर गिळणार होत्या ते मला दिसत नव्हतं.

त्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. मी काहीतरी सांगायला आले आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

“खरं सांग, ऋतू. मी गेल्यावर उतरलं नव्हं तुझं काळीज? हर्षा रोज हिरवं हाय म्हणायचा.”

“उतरलं, आई.”

“मंग बरं केलं नव्हं मी?”

माझे सगळे गुण कापले गेले असते असं उत्तर मी दिलं. “बरं केलंत, आई.”

त्यांनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला, खांदे खाली आले. केवढं ओझं होतं ते मला तेव्हा कळलं. माझी आई मी लहान असताना गेली तेव्हा मला काही करता आलं नव्हतं. ही दुसरी आई मी माझ्या हाताने सोडून दिली, आणि ती समोर बसून समाधानाने मेथी निवडायला लागली.

मग त्या मोकळेपणाने बोलत राहिल्या. पुन्हा दिवस राहतील, का न राहावेत, अजून वय आहे, असं म्हणाल्या. त्या वेळी मी पहिल्यापासून इथे विट्यातच राहीन. सगळं नीट पार पडलं, लेकरू चालायला लागलं, की मग एक दिवस येईन बघायला, लांबूनच. मी हो म्हणत राहिले. त्यांनी पल्लवीताईला मला जेवायला वाढायला लावलं आणि स्वतः आतल्या खोलीत जेवल्या. मला तो घास जाईना, पण त्या आतून कानोसा घेत असणार म्हणून मी ताट पुसून जेवले.

स्टँडवर त्या सोडायला आल्या. माझ्या मागून चालत होत्या, मध्ये चारेक माणसांचं अंतर ठेवून. गाडी लागली तेव्हा पुढे झाल्या, कंडक्टर मुलीला काहीतरी म्हणाल्या, आणि तिने मला खिडकीची जागा दिली. गाडी सुटली. मी खिडकीतून हात केला. आईंनीही केला, आणि मग माझ्या काळजाला त्रास नको म्हणून माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.